टपोऱ्या वसाहतींवर शंका घ्या

ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडे गोडी छाटणीची धांदल चालू होती, तेव्हा नाशिकमधल्या आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थिनी एका पेट्री डिशवर वाकून बसल्या होत्या. डिशमध्ये ई. कोलाय जीवाणूच्या वसाहती उगवल्या होत्या. बहुतेक टाचणीच्या टोकाएवढ्या, पण सहा-सात चांगल्या टपोऱ्या. "मॅडम, या मोठ्या उचलू ना?" एकीनं विचारलं. साहजिकच होतं ते. बागेतसुद्धा आपण जोमदार काडीच राखतो. मी म्हणाले, दोन्ही प्रकारच्या उचला आणि दोन्हींचा डीएनए वाचून घ्या.

आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅस-९ म्हणजे डीएनए कापणारं प्रथिन, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रातली कात्री. बारीक वसाहतींमध्ये आम्ही घातलेलं त्याचं जनुक शाबूत होतं. टपोऱ्यांपैकी एकीतही नव्हतं. कुठे एक अक्षर गळालेलं, कुठे मधला अख्खा तुकडा गायब.

मुलींना संपादन करायचं होतं द्राक्षात. वेलीत एमएलओ नावाची जनुकं असतात, त्यातली काही भुरीच्या बुरशीला आत शिरायला वाट देतात. त्यातलं एक, एमएलओ-३, क्रिस्परनं निकामी केलं तर भुरीचा जोर कमी होतो, हे चिनी संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, आणि तेही आपल्या ओळखीच्या थॉमसन सीडलेस वाणात. वेलीपर्यंत कात्री न्यायची म्हणजे कॅस-९चं जनुक आणि त्याला पत्ता सांगणाऱ्या मार्गदर्शक आरएनएचं जनुक एका गोल डीएनएवर, प्लास्मिडवर, बसवायचं. हा झाला वाहक. त्याच्या भरपूर प्रती ई. कोलायमध्ये काढायच्या, मग तो ॲग्रोबॅक्टेरियममध्ये, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत डीएनए पोचवणाऱ्या जीवाणूत, घालायचा, आणि तिथून वेलीच्या पेशीत.

या सगळ्यात ई. कोलायला आपण बरणी समजतो. पण ती बरणी जिवंत आहे आणि आत काय ठेवलंय त्याचा भार तिला सोसावा लागतो.

द्राक्षाच्या जनुकाचा २० अक्षरी पत्ता ई. कोलायच्या डीएनएत सापडणारच नाही, मग त्याला त्रास कशाचा? कॅस-९ हे १,३६८ अमिनो आम्लांचं अवजड प्रथिन. ते घडवण्यातच पेशीची बरीच शक्ती जाते. शिवाय ते स्वस्थ बसत नाही. पत्ता शोधताना ते आधी एका छोट्या खुणेपाशी थांबतं, डीएनएची दोन 'जी' अक्षरं शेजारी-शेजारी आली की तिथे. ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख अक्षरांत अशा जागा पाच लाखांच्या आसपास आहेत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये कापण्याची ताकद काढून घेतलेलं कॅस-९ जीवाणूत मोठ्या प्रमाणात बनवलं. मार्गदर्शकाच्या खुणेलगतची फक्त पाच अक्षरं ठरावीक असली, तर बाकीचा पत्ता जुळत नसतानाही पेशी आजारी पडत होत्या. ते प्रथिन कुठेतरी महत्त्वाच्या जनुकावर जाऊन बसायचं आणि वाट अडवायचं. एकही काप न घेता!

आणि काप बसलाच तर? आपल्या आणि वनस्पतींच्या पेशी तुटलेली टोकं थेट जोडू शकतात. ई. कोलायकडे ती सोय नाही. तो शेजारची चांगली प्रत पाहून दुरुस्ती करतो, पण कॅस-९नं ती प्रतही त्याच जागी कापलेली असते. पाहून लिहायला उरतंच काही नाही.

अशा वेळी कोण वाचतं? लाखो पेशींत एखादीच्या वाहकात योगायोगानं चूक होते आणि कात्री मोडते. तिचा भार उतरतो. बाकीच्या कुंथत वाढत असताना ही दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होते. सकाळी डिश उघडणाऱ्याच्या नजरेत आधी तीच भरते. तिच्यावर भरवसा ठेवून पुढे गेलेले किती महिने वाया जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं पोटतिडकीनं सांगते.

मग वाहक बांधतानाच काळजी घ्यावी लागते. पहिली गोष्ट प्रतींची. पीयूसी जातीच्या प्लास्मिडच्या एका पेशीत शेकडो प्रती होतात, पीएससी-१०१च्या पाचेक. जनुक त्रासदायक असेल तर कमी प्रतींचाच वाहक बरा. दुसरी गोष्ट गळतीची. जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाला प्रवर्तक म्हणतात. वनस्पतीसाठीचा प्रवर्तक जीवाणूत पूर्ण गप्प राहतोच असं नाही. गंगापूर धरणाच्या पाटाचं दार बंद असलं तरी फटीतून झिरपून चारी ओली राहावी, तसं थोडं थोडं कॅस-९ बनत राहतं. संपादन जीवाणूचंच करायचं असेल, तर अरॅबिनोज साखर घातल्यावरच चालू होणारा प्रवर्तक वापरता येतो. ग्लुकोज घातलं की तो आणखी घट्ट मिटतो.

पण द्राक्षासाठीच्या वाहकात मला सगळ्यात आवडते ती इंट्रॉनची युक्ती. वनस्पतीच्या जनुकात मधेमधे निरर्थक वाटणारे तुकडे असतात. आरएनए बनल्यावर वनस्पती ते कापून टाकते आणि उरलेलं जोडते. ई. कोलायकडे ती यंत्रणाच नाही. म्हणून कॅस-९च्या जनुकात वनस्पतीचा इंट्रॉन मुद्दाम खुपसायचा. गळती झाली तरी जीवाणूच्या हाती अर्धवट, निकामी प्रथिन लागतं. वेलीत मात्र तेच जनुक पूर्ण वाचलं जातं. १९९० मध्येच बटाट्याचा इंट्रॉन 'गस' या निळा रंग देणाऱ्या जनुकात घातला होता, रंग वनस्पतीचाच आहे, ॲग्रोबॅक्टेरियमचा नाही, याची खात्री पटावी म्हणून. २०२१ मध्ये ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपासाठी कॅस-९मध्ये तब्बल १३ इंट्रॉन घातले गेले. तिथे हेतू वेगळा होता, संपादन जास्त व्हावं हा, आणि ते खूपच वाढलं.

मुलींनी आता इंट्रॉनवालं जनुक कमी प्रतींच्या वाहकात बसवलंय. डिश ३० अंशांना ठेवली होती, त्यामुळे वाढ संथ, दोन दिवस लागले. काल सकाळी पाहिलं तर सगळ्या वसाहती जवळजवळ एकाच आकाराच्या होत्या. टपोरी एकही नाही. त्यातल्या आठ उचलून त्यांचा डीएनए वाचायला पाठवलाय.