उपग्रहाला बोअरचं पाणी दिसतं का?

‘सॅटेलाइटवरून पाणी दाखवतो’ म्हणत बोअरचा पॉइंट काढून देणारे हल्ली मराठवाड्यात भेटतात. पूर्वी पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहायचा, आता हातात लॅपटॉप आहे. भरवसा दोन्हींचा सारखाच.

कॅमेऱ्याच्या उपग्रहाला जमिनीखालचं काही दिसत नाही. गुरुत्वाकर्षण मोजणारे ‘ग्रेस’ उपग्रह भूजलाची घट टिपतात खरे, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात. तुमच्या गटाचं त्यांना काय कळणार! कॅमेऱ्याला दिसतं ते पान.

पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं. त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याच्या कामाचा नसतो. तो आतल्या सच्छिद्र थरात शिरतो. तिथे ओली पेशीभित्तिका, लगेच हवेची पोकळी, पुन्हा पेशी. दोन्हींचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, वेगळा, म्हणून प्रत्येक सीमेवर किरण वाकतो, विखुरतो आणि जवळपास निम्मा प्रकाश उलटा बाहेर पडतो. समजा लाल 5 टक्के परतला, अवरक्त 45 टक्के. वजाबाकी भागिले बेरीज: 40 भागिले 50, म्हणजे 0.8. नांगरलेल्या काळ्या रानात 10 आणि 14 आले, तर 0.17. हाच एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. भागाकार अशासाठी, की उतारावरची सावली दोन्ही आकडे साधारण एकाच पटीत घटवते आणि उत्तरातून कटून जाते.

युरोपच्या सेंटिनेल-2 चा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसांनी फेरी, चित्रं फुकट. रब्बी निघाल्यावर एप्रिलचं चित्र उघडा. उघड्या रानातून, बांधांची पर्वा न करता सरळ गेलेली हिरवी रेघ दिसली तर खाली भेग असू शकते. आपला बेसाल्ट घट्ट. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. म्हणून तर एका विहिरीला पाणी असतं आणि बांधापलीकडची ठणठणीत कोरडी.

पण जायकवाडीच्या कालव्यावरचा ऊसही एप्रिलमध्ये हिरवाच असतो, वेडी बाभूळही. तेव्हा रेघ पायी फिरून बघायची, मग जमिनीत वीज सोडून विद्युतरोध मोजायचा. ओल्या मुरमाचा रोध कमी, घट्ट पाषाणाचा जास्त. चिकणमातीचाही कमीच येतो, त्यामुळे तो आलेख वाचायला भूजलातला जाणकार लागतो.