सातवीतल्या पोट्ट्यांचा विज्ञानाकडचा कल मोजायचा कसा? जरा मागची गोष्ट

आपल्याकडे कल चाचणी म्हटलं की दहावीच डोळ्यासमोर येते, 2016 ला बोर्डाने सुरू केली होती ती. पण माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो, गणिताची भीती बसायची ती सहावी-सातवीतच बसते.

कल मोजायची पद्धत तशी जुनी. 1927 ला अमेरिकेत एडवर्ड स्ट्राँगने प्रश्नावली काढली, तुमच्या आवडीनिवडी कुठल्या धंद्यातल्या लोकांशी जुळतात ते बघायची, पण ती मोठ्यांसाठी. लहान पोरांचं वेगळंच असते, 1983 मध्ये चेंबर्स नावाच्या संशोधकाने 4807 पोरापोरींनी काढलेली शास्त्रज्ञाची चित्रं तपासली तर त्यात बाई काढली फक्त 28 जणींनी, आणि मुलांपैकी एकानंही नाही!

मग 1994 ला लेंट, ब्राऊन आणि हॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की आवड नुसती आपोआप येत नाही, "मला हे जमते" आणि "यातून काही हाती लागेल" असं वाटलं तर येते. 2006 च्या एका अभ्यासात दिसलं की आठवीतच ज्यांनी विज्ञानात करिअर करू म्हटलं होतं ते पुढे खरोखर तिकडे जास्त गेले. मग मिडल स्कूलकडे लक्ष वाढलं. विज्ञान, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणितातली आवड मोजणारी 2014 ची 44 वाक्यांची प्रश्नावली तर अमेरिकेतल्या गरीब, ग्रामीण भागातल्या सहावी ते आठवीच्या पोरांवरच तपासली, म्हणून ती मला आपली वाटते.

पण तिच्यात टेक्नॉलॉजी म्हणजे जास्त करून वापरणं, आणि मोबाईल वापरायला कोणाला नाही आवडत? इकडे विज्ञानच बदललं, हवामान, जनुकं, उपग्रहाचे फोटो, सगळं कॉम्प्युटरवर. म्हणून मग त्यासाठी वेगळे प्रश्न काढायची गरज पडली.

आता हेच आपल्या खेड्यात विचारा. इथं कॉम्प्युटर म्हणजे सेतूवरचा फॉर्म नाहीतर एमएससीआयटीचं सर्टिफिकेट. नागपुरात एमआरसॅक हे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र आहे, उपग्रहाच्या फोटोवरून पिकं पाहतात, कापूस संशोधन संस्था 1976 पासून आहे, पण कास्तकाराच्या पोराला तिथं काय चालते हे सांगतं कोण? तो "कॉम्प्युटरवर विज्ञानाचं काम आवडेल का" ला हो म्हणणार, मनात एसीची खोली. त्यापेक्षा सरळ विचारा, तापमान-पावसाच्या आकड्यांवरून बोंडअळी कधी येईल ते काढायला आवडेल का? यावर पोट्टे नुसती टिक मारणार नाहीत, उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारतील.