एल्कला मॅग्नमच लागते? नाही हो!
अमेरिकेत कोलोरॅडोला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांना हमखास सांगतात, .३०० मॅग्नमच (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची रायफल) घ्या, छोट्या गोळीने एवढं धूड पडत नाही. साफ चूक. गोळीच्या धक्क्याने तीनशे किलोचं जनावर आडवं झालं असतं तर तसाच धक्का आपल्या खांद्यालाही बसला असता ना! एल्क मरतो तो फुफ्फुसं फाटून रक्त गेल्यामुळे, म्हणून आधी गोळीची बनावट बघा, पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या आवरणाची) गोळी जवळून खांद्याच्या हाडावर आदळली तर तिथेच फुटून संपू शकते, तांब्याची किंवा बाँडेड (आवरण शिशाला घट्ट जोडलेली) असेल तर उमलूनही आत जात राहते. तिथला कायदासुद्धा किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात) नि ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाचीच गोळी मागतो, मी मात्र .२७० च्या खाली जाऊ नका म्हणेन. आणि मॅग्नमच्या दणक्याला बिचकून ट्रिगर झटक्यात ओढला की गोळी पोटात बसते, मग ते जनावर तासन्‌तास तडफडतं.