ऑगस्टचा पहिला आठवडा आणि वाळवा तालुका
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या अण्णाभाऊ साठे आणि नाना पाटील यांच्या जयंत्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे त्या काळी सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके साताऱ्यात मोडत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातील वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. शालेय शिक्षण नावापुरतेच लाभलेल्या अण्णाभाऊंनी मुंबईत गिरणीत काम केले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले.

त्याच तालुक्यातील येडेमच्छिंद्र येथे ३ ऑगस्ट १९०० रोजी नाना पाटील यांचा जन्म झाला. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० च्या कायदेभंगात उतरले, आणि पुढे त्यांच्या नावाशी जोडले गेलेले प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर असा लोकांचा कारभार, हाच या आठवड्याच्या इतिहासाचा गाभा आहे, असे मला वाटते.

त्याची सुरुवात आठवडा सरताच येणाऱ्या ९ ऑगस्टच्या क्रांतिदिनात आहे. १९४२ मध्ये मोठे नेते तुरुंगात गेल्यावर साताऱ्यातील शेतकऱ्यांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा यशस्वी झाला. मात्र ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पोलिसांनी गोळीबार केला, आणि वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. निःशस्त्र मोर्चाला गोळीने उत्तर मिळाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून गावोगावी समांतर कारभार उभा राहिला. न्यायदान मंडळे तंटे सोडवीत, तुफान सेना बंदोबस्त पाही, आणि लग्नात कर्ज काढण्याची रीत मोडण्यासाठी अल्पखर्ची गांधीविवाह लावले जात. कुंडल हे गाव औंध संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश मुलखातील पोलिसांना तेथे मोकळेपणाने शिरता येत नसे, म्हणून जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना तेथे आसरा आणि तळ दोन्ही मिळाले. हा कारभार १९४६ पर्यंत टिकला, तो गावकऱ्यांनी भूमिगतांना पोसले आणि लपवले म्हणून. इतिहासात त्यांची नावे फारशी उतरली नाहीत, ही मोठी उणीव आहे.

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील आणि अण्णाभाऊ दोघेही डाव्या विचारांच्या चळवळीत राहिले आणि दोघेही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. त्या लढ्याच्या लाटेत, १९५७ मध्ये, नाना पाटील उत्तर सातारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.