कलिंगडाला टिचकी, खरबुजाला वास

उन्हाळ्यात एकाच हातगाडीवर दोन ढीग असतात, कलिंगडांचा आणि खरबुजांचा. गिऱ्हाईक दोन्ही फळं एकाच रीतीनं पारखतं: उचलायचं, कानाशी धरायचं, टिचकी मारायची. कलिंगडाला हे चालतं. खरबुजाला टिचकी मारून फारसं काही कळत नाही, आणि कलिंगडाचा बाहेरून वास घेऊन तर काहीच नाही. ही फळं घडतात वेगळी, पिकतात वेगळी. म्हणून पारखही वेगळीच हवी. (विदर्भात ज्याला टरबूज म्हणतात ते कलिंगडच, त्यामुळे खालचं सगळं त्यालाही लागू.)

कुळ दोघांचं एकच, काकडी-भोपळ्याचं. पण खरबूज काकडीच्या घरातलं. त्याचं शास्त्रीय नाव कुकुमिस मेलो, काकडीचं कुकुमिस सटायव्हस. कलिंगड सिट्रुलस गटातलं, आणि त्याच गटात माळरानावरचं कडू इंद्रावण येतं. कोकणात गणपतीच्या सुमारास मिळणारं चिबूड हे मात्र खरबुजाचंच भावंड. पावसाळी पीक, साल पातळ, पिकलं की आपोआप तडकतं. गर पिठूळ आणि बेताचा गोड असल्यामुळे ते गूळ आणि नारळाचं दूध घालून खातात. खरबुजाच्या अपेक्षेनं चिबूड चाखणारा नाराज होतो आणि उगाच चिबुडाला नावं ठेवतो.

दोन्ही फळं मधोमध कापून शेजारी ठेवा. खरबुजाच्या पोटात पोकळी असते आणि सगळ्या बिया तिथल्या ओलसर जाळीत एकत्र असतात. त्या चमच्यानं खरवडून काढल्या की राहिलेला गर म्हणजे फळाची जाड भिंत. कलिंगडाला अशी पोकळी नसते. आपण जो लाल भाग खातो तो बिया धरून ठेवणारा भागच असतो, म्हणून बिया गरात विखुरलेल्या दिसतात. गोडीही त्याच हिशेबानं असते. कलिंगडाचा सर्वांत गोड घास मधल्या गाभ्यात, तर खरबुजाचा पोकळीला लागून. खरबुजाची फोड सालीपर्यंत कुरतडली तर शेवटी काकडीची चव येते, त्यात फळाचा काही दोष नाही.

आता मुख्य मुद्दा पिकण्याचा. आंबा-केळं तोडल्यावर त्यातल्या पिष्टाची साखर होते. कलिंगड-खरबुजात तसा साठा नसतो, त्यामुळे वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच. फरक इतकाच, की जाळीदार खरबूज तोडल्यावरही इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडत राहतं, मऊ होतं, घमघमतं. घरी दोन दिवस ठेवलं तर वास वाढेल, गोडी नाही. कलिंगड तर कच्चं आणलं की कच्चंच. म्हणून ते निवडताना जास्त जपावं लागतं.

कलिंगड तयार झाल्याच्या खुणा शेतकऱ्याला पाठ असतात. देठाजवळची बाळी (वेलीचा वळलेला तणावा) सुकते, टिचकी मारली की बदबद असा भरीव आवाज येतो (कच्चं फळ टणटण वाजतं), आणि जमिनीला टेकलेल्या बाजूचा पांढरट डाग पिवळसर होतो. बाळी बाजारात बहुधा तुटलेली असते, म्हणून मी तरी आधी फळ उलटं करून डाग बघते आणि आवाज नंतर. एकाच आकाराच्या दोन फळांत जड वाटेल ते घ्यावं.

खरबूज पूर्ण पिकलं की देठाशी भेग पडते आणि फळ वेलीपासून सहज सुटतं. तिथं स्वच्छ, वाटोळी खळी राहते. देठाचा तुकडा चिकटलेला असेल तर ते घाईनं काढलेलं असण्याची शक्यता जास्त. जाळी उठावदार हवी आणि जाळीखालची साल हिरवी न राहता पिवळट झालेली हवी. देठाच्या विरुद्ध टोकाला नाक लावा. वास आला नाही तर परत ठेवा, आंबूस आला तरी परत ठेवा. हे नियम गुळगुळीत सालीच्या हनीड्यूला लागू होत नाहीत, कारण त्याला वास कमी आणि त्याचा देठही आपोआप सुटत नाही.

गराच्या रंगावर मात्र भरवसा नको. पंजाबातल्या हरा मधू खरबुजाचा गर पिकल्यावरही हिरवाच असतो, पुसा शरबतीचा केशरी. आरोही कलिंगडाची साल गडद हिरवी आणि आत पिवळा गर, विशालाचं नेमकं उलट: साल पिवळी, आत लाल. बिनबियांचं कलिंगडही संशयानं बघायचं कारण नाही. गुणसूत्रांचे चार संच असलेल्या आणि दोन संच असलेल्या झाडांच्या संकरातून तीन संचांचं झाड मिळतं, त्यात बी भरतच नाही.

दोन्ही फळं कापण्याआधी धुवा, आणि खरबूज तर चोळून. त्याच्या जाळीत माती आणि जंतू बसतात आणि सुरीबरोबर आत जातात. २०११ साली अमेरिकेत अशाच जाळीदार खरबुजांतून लिस्टेरिया हे जंतू पसरून ३३ जण दगावले.

आणि घरी आणल्यावर दोन्ही एका टोपलीत ठेवू नका. खरबुजातून निघणारा इथिलीन कलिंगडाला सोसत नाही. त्याचा कुरकुरीत गर दोन-चार दिवसांत पिचपिचीत होतो.