अंदाजातला बर्फ आणि उतारावरचा बर्फ

आल्प्समधल्या एखाद्या स्की रिसॉर्टला निघायच्या आदल्या रात्री दोन आकडे समोर येतात. हवामानाचं अ‍ॅप म्हणतं, उद्या ३० सेंमी. रिसॉर्टचा अहवाल म्हणतो, वर १८०, खाली ४०. दोन्ही बर्फाचेच आणि दोन्ही सेंटिमीटरमध्ये, त्यामुळे मन लगेच बेरीज करून मोकळं होतं: परवा वर २१०, खाली ७०! ही बेरीज जवळजवळ कधीच जुळत नाही. मग लोक अंदाजाला तरी खोटं ठरवतात, नाहीतर रिसॉर्टला. पण पहिला आकडा आभाळातून काय उतरणार हे सांगतो आणि दुसरा जमिनीवर काय उरलंय हे.

अंदाजापासून सुरुवात करू. हवामानाचं मॉडेल मुळात पाण्याचा हिशेब करतं. अमुक तासांत इतके मिलिमीटर पाणी पडेल, एवढंच त्याला सांगता येतं. त्या पाण्याचा बर्फ किती फुगेल हे थंडीवर ठरतं. ढोबळ हिशेब असा की १ मिमी पाण्याचा १ सेंमी बर्फ होतो. पण कडाक्याच्या थंडीत सुटे, हलके स्फटिक पडले तर तेवढ्याच पाण्याचा २ सेंमी थर होतो, आणि तापमान शून्याच्या आसपास असेल तर ओल्या, जड बर्फाचा जेमतेम अर्धा सेंमी. म्हणजे पाण्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी सेंटिमीटर दुप्पट किंवा निमपट होऊ शकतात.

दुसरा प्रश्न, हे ३० सेंमी नेमके कुठल्या उंचीवर? फ्रान्समधलं शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे आणि तिथून केबल कारनं गाठायचं एग्वी द्यु मिदी शिखर ३,८४२ मीटरवर. दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर दोन्हींत १८ अंशांचा फरक पडतो. वर भुरभुरीत बर्फ पडत असताना गावात पाऊस पडतो, यात काहीच नवल नाही. म्हणून उंची न सांगता दिलेला एकच आकडा मी तरी वाचूनही न वाचल्यासारखा सोडून देते.

त्याऐवजी शून्य अंशाची पातळी पाहावी. हवा १,८०० मीटरवर गोठणबिंदूला येत असेल तर बर्फही तिथेच थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. पडणाऱ्या बर्फाच्या पाकळीला वितळायला वेळ लागतो, त्यामुळे बर्फ साधारण दोनतीनशे मीटर आणखी खाली पोचतो. वृष्टीचा जोर असेल आणि दरी अरुंद, बंदिस्त असेल तर तो याहूनही खाली येतो. वितळताना पाकळ्या आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषून घेतात, दरीतली हवा हळूहळू शून्यापर्यंत थंड होते, आणि संध्याकाळी पाऊस पडत असलेल्या गावात मध्यरात्री बर्फ पडायला लागतो. मला हवामानातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. (या सीमेला हिमरेषा म्हणायचा मोह होतो, पण शाळेच्या भूगोलातली हिमरेषा, जिच्यावर बर्फ बारमाही टिकतो, ती वेगळी. ही तासातासाला वरखाली होते.)

वाराही पाहावाच लागतो. वायव्येकडून येणारी ओली हवा आल्प्सच्या उत्तर उतारांवर बर्फ रिकामा करते आणि दक्षिणेकडे कोरडी होऊन उतरते. आल्प्सच्या दक्षिणेला, इटलीच्या जिनोआच्या आखातावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बर्फ दक्षिणेकडे पडतो.

आता जमिनीवरचा आकडा. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लुयोखच्या मोजणी मैदानात १९३६ पासून हिवाळ्यात रोज बर्फ मोजला जातो. अशा ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी होतात. ताजा बर्फ एका पाटीवर मोजतात आणि मोजून झालं की पाटी पुसून पुन्हा बर्फावर ठेवतात. एकूण खोली मात्र रोवलेल्या खांबावर वाचतात. पाटीवर ३० सेंमी दिसले तरी खांबावर ३० वाढत नाहीत, कारण नव्या थराच्या ओझ्यानं जुना थर दबतो आणि नवाही काही तासांतच खाली बसायला लागतो. त्यात वारा सुटला तर कड्यावरचा बर्फ उचलून पलीकडच्या आडोशाला टाकतो. एका बाजूला खडक उघडे पडतात, दुसऱ्या बाजूला कंबरभर साठतो.

रिसॉर्टनं स्कीसाठी आखलेल्या उतारावर हिशेब आणखी बदलतो. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला १०० किलो धरा. रात्री यंत्रानं दाबल्यावर ती ४५० च्या आसपास जाते. म्हणजे ३० सेंमीचा मऊ थर सकाळी सुमारे ७ सेंमी उरतो. बर्फ कुठे गेला नाही, फक्त घट्ट झाला. आणि स्कीखाली हाच घट्ट थर दिवसभर टिकतो.

खोली पृष्ठभागाबद्दल मात्र काहीच सांगत नाही. एप्रिलमध्ये १८० सेंमी बर्फ असूनही सकाळी काचेसारखा कडक आणि दुपारी लगदा असू शकतो. रात्र निरभ्र असेल तर हवा शून्याच्या थोडी वर असतानाही बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून गोठतो. ढगाळ रात्री तो गोठत नाही, आणि सकाळपासूनच पाय रुतायला लागतात. जानेवारीतले थंड, नीट दाबलेले ४० सेंमी मी या १८० पेक्षा आनंदानं घेईन.

रिसॉर्टच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की स्की रिसॉर्ट शनिवार-रविवारी २३ टक्के जास्त ताजा बर्फ पडल्याचं सांगत. आयफोनवरच्या एका अ‍ॅपमधून स्कीअर तिथल्या तिथे खरी स्थिती कळवू लागले तेव्हा ही फुगवाफुगवी झपाट्यानं उतरली. तो अभ्यास आल्प्सचा नव्हता, पण अहवाल कुठलाही असो, मोजणीची वेळ आणि उंची दिलेली आहे का हे आधी पाहावं. कॅमेऱ्याचं ताजं चित्र असेल तर उत्तमच.

आखलेले उतार सोडून जायचं असेल तर या दोन्ही आकड्यांवर भागत नाही. ताजे ३० सेंमी आणि सोबत जोराचा वारा ही बातमी जितकी मोहक, तितकीच घातक. त्यासाठी हिमस्खलनाची पाच पातळ्यांची सूचना वेगळी निघते. तिसरी पातळी मधली म्हणून सौम्य वाटते, पण त्या दिवशी एकट्या स्कीअरच्या भारानंही उतारावरचा बर्फ सुटू शकतो. अशाच सकाळी वरच्या उतारांवर नेणाऱ्या लिफ्ट उशिरा उघडतात, कारण आधी स्फोट करून धोक्याचे उतार मोकळे करावे लागतात. त्यामुळे अहवाल उघडल्यावर सेंटिमीटरच्या आधी कोणत्या लिफ्ट चालू आहेत ते पाहा. वर दोन मीटर बर्फ असला आणि लिफ्ट बंद असली, तर त्या दिवशी तुमच्या वाट्याला खालचे ४० सेंमीच आहेत.