वरंधा घाट : भोर-महाड रस्त्याची पार्श्वभूमी

भोरहून पश्चिमेला निघालेला रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला वळसे घालत हिर्डोशीकडे जातो आणि सह्याद्रीच्या कड्यावरून थेट कोकणात उतरतो. खाली माझेरी, वरंध, बिरवाडी, आणि राजेवाडी फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो.

ही वाट डांबराच्या कितीतरी आधीची. सावित्रीच्या काठचं महाड हे जुनं बंदर. तिथलं मीठ आणि सुकी मासळी घाटावर चढायची, घाटावरचं धान्य आणि गूळ खाली उतरायचा, तेही बैलांच्या पाठीवरून. या ये-जा करणाऱ्यांवर नजर ठेवायला कावळ्या किल्ला होता. आजचा रस्ता खिंडीतून त्याच किल्ल्याची धार कापून जातो, त्यामुळे गडाचे अवशेष रस्त्याच्या दोन्ही अंगांना विखुरले आहेत. वाघजाईच्या देवळाजवळ कातळात खोदलेली नऊ टाकी आहेत. गड पाहायला येणारे बुरूज शोधतात, पण मला या घाटाची खरी खूण ही टाकीच वाटतात. उभी चढण चढून आलेल्या माणसाजनावरांना पाणी मिळालं नसतं, तर ही वाट चाललीच नसती. खालच्या खोऱ्यात समर्थ रामदासांची शिवथरघळ आहे.

इंग्रजी अमदानीत घाटमाथा भोर संस्थानाच्या पंतसचिवांकडे आणि पायथा मुंबई सरकारच्या कुलाबा जिल्ह्यात होता. एकाच रस्त्याला दोन धनी. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, भोर पुणे जिल्ह्यात आलं आणि ही विभागणी संपली.

त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. तिथे रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी प्रतवारी ठरली. त्यातले प्रांतिक म्हणजे पुढचे राज्य महामार्ग, हिरव्या माथ्याच्या किलोमीटरच्या दगडांचे. त्यांची देखभाल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने करायची. भोर-महाड रस्ताही अनेक वर्षं याच प्रतीत होता. आता तो राष्ट्रीय महामार्गांत गणला जातो.

नाव बदललं तरी डोंगर तोच आहे. इथे कठीण कातळाच्या थरांमध्ये सडलेल्या दगडाचे, मुरमाचे पट्टे आहेत. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की पावसाचं पाणी त्या पट्ट्यांत मुरतं आणि दरड सुटते. गटार तुंबलं तर तेच पाणी रस्त्याखाली शिरून दरीकडची भिंत ढकलतं. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला, वाडीच गाडली गेली. त्याच पावसात हा घाटरस्ताही जागोजागी खचला. पावसाळ्यात घाट अवजड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद होतो. मग महाडकरांना ताम्हिणीचा किंवा पोलादपूरहून आंबेनळीचा वळसा पडतो. रुंदीकरण हवंच, पण या घाटात गटारं आणि दरीकडच्या भिंती आधी झाल्या पाहिजेत.